उत्तर वाचलं की कळतं, लिहायला बसलं की सुचत नाही

इचलकरंजीहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. वय ३६, बी.कॉम. झालेल्या, सुताच्या एका व्यापाऱ्याकडे अकाउंट्स बघतात, टॅलीवर हात बसलेला. पुढेमागे डेटाचं काम मिळावं म्हणून त्यांनी पायथन या प्रोग्रामिंग भाषेचा संध्याकाळचा ऑनलाइन क्लास लावला. व्हेरिएबल (किमतीला दिलेलं नाव), इफ-एल्स (अट), लूप (तीच कृती पुन्हा पुन्हा करणं) इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग लिस्ट आली, म्हणजे एका नावाखाली ओळीनं घराघरांत ठेवलेले आकडे, आणि तिच्यासोबत पन्नास उदाहरणांचा गृहपाठ. रिव्हर्स हे तयार फंक्शन (आयती आज्ञा) न वापरता लिस्ट उलटी करा. सर्वांत मोठा आकडा शोधा, मग दुसऱ्या क्रमांकाचा शोधा. डुप्लिकेट काढा. लिस्ट तीन घरं फिरवा. त्या लिहितात की पंधरा-वीस उदाहरणांनंतर त्या उत्तरंच बघू लागल्या. उत्तर वाचलं की सगळं समजतं, दुसऱ्या दिवशी कोऱ्या पडद्यासमोर बसलं की एक ओळ सुचत नाही. क्लासचे सर म्हणतात, ‘लॉजिक बिल्ड झालं पाहिजे, सोडवत राहा.’ पुण्यात इंजिनिअरिंगला असलेला भाचा म्हणतो, ‘मावशी, हे आता कुणी हातानं लिहीत नाही, एआय लिहून देतं. सरळ पांडाजला हात घाल.’ (पांडाज म्हणजे डेटाच्या तक्त्यांवर काम करायचं पायथनमधलं तयार साधन.) ताईंचे प्रश्न असे: तयार फंक्शन असताना ही उदाहरणं करायचीच कशाला? आपल्याकडे लॉजिकच नसेल तर पुढचे पैसे भरावेत का? आणि जाता जाता, व्हेरिएबलना मराठी नावं दिली तर चालतं का?

ताई,

‘माझ्याकडे लॉजिकच नाही’ हे वाक्य तुमच्या पत्रात दोनदा आलंय. पार्टीच्या खात्यात आणि तुमच्या खात्यात ९०० रुपयांचा फरक आला तर तुम्ही काय करता? फरकाला नऊनं पूर्ण भाग जातो, म्हणजे कुठेतरी आकडे उलटसुलट टाइप झाले असतील असा संशय घेता आणि तशा नोंदी शोधायला लागता. हे करणाऱ्या बाईला लॉजिक नाही, हे मला मान्य नाही. ‘लॉजिक बिल्ड करा’ हा क्लासमधला लाडका शब्दप्रयोग आहे. तो ऐकून विद्यार्थी मान डोलावतात आणि घरी जाऊन नेमकं काय करायचं हे कुणालाच कळलेलं नसतं.

तुमची अडचण मला दुसरीच दिसते. तयार उत्तर वाचताना प्रत्येक ओळ बरोबर आहे ना, एवढंच आपण तपासतो. लिहायला बसल्यावर मात्र त्याआधीची एक गोष्ट ठरवावी लागते, आणि ती उत्तरात वेगळी लिहिलेली नसते. लिस्टच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकेक आकडा बघत जायचं आहे, तर जाताना हातात काय धरायचं? लिस्टवरची नवशिक्यांची बहुतेक उदाहरणं या एका प्रश्नाचीच रूपं आहेत. बेरीज करायची असेल तर हातात एक आकडा, आतापर्यंतची बेरीज. हजारावरची बिलं मोजायची असतील तरी एकच आकडा, आतापर्यंतची संख्या. सर्वांत मोठं बिल हवं असेल तर आतापर्यंत दिसलेलं सर्वांत मोठं. दुसऱ्या क्रमांकाचं हवं असेल तर दोन आकडे. डुप्लिकेट काढायचे असतील तर आतापर्यंत दिसलेल्या सगळ्यांची एक नवी लिस्ट. हे ठरलं की फॉरची ओळ, इफची ओळ वगैरे तुम्हाला येतातच.

दुसऱ्या क्रमांकाचं उदाहरण नीट करून बघू, कारण त्यात जवळजवळ सगळे खड्डे एकत्र सापडतात. बिलं अशी घ्या: ४२०, ९८०, १५०, ९८०, ७६०. हातात दोन आकडे, ‘पहिला’ आणि ‘दुसरा’. सुरुवातीला पहिला ४२० आणि दुसरा अजून कोणीच नाही. पुढचं बिल ९८०, ते पहिल्यापेक्षा मोठं. आता काय करायचं? जुना पहिला म्हणजे ४२० ‘दुसरा’मध्ये सरकवायचा आणि मग ९८० ‘पहिला’मध्ये ठेवायचा. याच क्रमानं. या दोन ओळींची अदलाबदल झाली तर दोन्हीकडे ९८० येतं आणि ४२० कायमचं गेलेलं असतं. पुढे १५०, ते दुसऱ्यापेक्षाही लहान, सोडून द्या. मग पुन्हा ९८०. इथे थांबायचं. पहिल्या क्रमांकाचं बिल दोनदा आलं तर दुसऱ्या क्रमांकाचं बिल कोणतं, ९८० की ७६०? तुमच्या गृहपाठात हे लिहिलेलं नाही, बहुतेक पुस्तकांतही नसतं. वेगवेगळ्या रकमांमध्ये दुसरी हवी असं धरलं तर हे ९८० सोडायचं. शेवटी ७६० येतं. ते पहिल्यापेक्षा लहान आहे पण ४२०पेक्षा मोठं आहे, म्हणून ‘दुसरा’ आता ७६०. ही शेवटची तपासणी पुष्कळांच्या कोडमध्ये नसतेच. त्यांचा कोड फक्त ‘पहिल्यापेक्षा मोठं आहे का’ एवढंच विचारतो आणि उत्तर ४२० देतो. वर कुठलाही एरर येत नाही.

आता भाच्याचा मार्ग बघा. लिस्ट सॉर्ट करा, म्हणजे चढत्या क्रमानं लावा, शेवटून दुसरा आकडा उचला, एका ओळीत काम झालं. उत्तर येतं ९८०. चूक आहे का? साहेबांना वेगवेगळ्या रकमा हव्या असतील तर चूक, पहिली दोन बिलं हवी असतील तर बरोबर. तयार फंक्शननं लिहिण्याचे श्रम वाचवले, पण काय हवं आहे हे ठरवण्याचं काम तुमच्याकडेच ठेवलं. भाच्याच्या ते लक्षात आलेलं नाही. हातानं सोडवताना तुम्हाला त्या दुसऱ्या ९८०पाशी थांबावंच लागलं.

मोठ्यात मोठा आकडा शोधायचं उदाहरण तुम्हाला अगदीच सोपं वाटलं असेल. तुमचा कोड ‘मोठा’ शून्यापासून सुरू करतो का, ते एकदा बघा. पुष्कळांचा करतो. मग सगळ्या क्रेडिट नोटांची, म्हणजे गिऱ्हाइकाच्या खात्यातून वजा करायच्या रकमांची, लिस्ट द्या: उणे ५००, उणे १२०, उणे ७५. यात सर्वांत मोठा आकडा उणे ७५ आहे, आणि तुमचा कोड सांगेल शून्य, म्हणजे लिस्टमध्ये नसलेलाच आकडा. म्हणून सुरुवात लिस्टच्या पहिल्या आकड्यापासून करायची. मग पुढचा प्रश्न उभा राहतो, लिस्ट रिकामी असेल तर पहिला आकडा आणायचा कुठून? सर्वांत मोठा आकडा देणारं पायथनचं स्वतःचं मॅक्स हे फंक्शनसुद्धा रिकाम्या लिस्टवर एरर देतं. तुमच्या कोडनं काय करावं हे तुम्ही ठरवायचं. ज्या दिवशी एकही बिल फाटलं नाही त्या दिवशीचा रिपोर्ट कसा दिसला पाहिजे, हे तुमच्याइतकं भाच्याला माहीत नाही.

तयार फंक्शन असताना कशाला, या प्रश्नाचं दुसरं उत्तर असं की ही फंक्शन्स तुमच्या लिस्टचं नेमकं काय करतात हे माहीत नसेल तर ती निमूटपणे फसवतात. ‘बिलं बरोबर बिलं डॉट सॉर्ट’ अशी ओळ लिहून बघा. (कोड इथे देवनागरीत सांगते आहे, समजून घ्या; ‘बरोबर’ म्हणजे = हे चिन्ह.) नंतर बिलं छापली तर ‘नन’ असं येतं. सगळी लिस्ट गायब. कारण सॉर्ट ही त्याच लिस्टची जागच्या जागी मांडणी बदलते आणि हातात काहीच परत देत नाही. ते ‘काहीच नाही’ तुम्ही बिलं या नावाला चिकटवलं. सॉर्टेड नावाचं दुसरं फंक्शन आहे, ते मूळ लिस्टला हात न लावता नवी लिस्ट परत देतं. अपेंड, रिव्हर्स, रिमूव्ह ही मंडळी सॉर्टच्या बाजूची. हा फरक पाठ करायला गेलात तर विसराल. रिव्हर्स न वापरता लिस्ट उलटी करायचं उदाहरण दोन प्रकारे केलंत, एकदा नवी लिस्ट भरत आणि एकदा जुन्याच लिस्टमध्ये अदलाबदल करत, तर मात्र हा फरक डोक्यात पक्का बसतो. त्या उदाहरणाचा उपयोग एवढाच. नोकरीत कुणी तुम्हाला लिस्ट हातानं उलटी करायला सांगणार नाही, भाच्याचं तेवढं खरं आहे.

ती अदलाबदल करताना एक गंमत होते, आधीच सांगून ठेवते. पाच आकड्यांत पहिला आणि पाचवा बदलायचा, मग दुसरा आणि चौथा, मधला जागेवरच. लूप निम्म्यात थांबायला हवं. ते पूर्ण लांबीएवढं फिरवलं तर चौथा-दुसरा आणि पाचवा-पहिला पुन्हा बदलले जातात आणि लिस्ट होती तशीच समोर येते. विद्यार्थी म्हणतात, ‘कोड चालतच नाहीये.’ कोड चालला, तोही दोनदा.

पायथनमध्ये लिस्टची घरं शून्यापासून मोजली जातात, त्याबद्दल तुम्ही वैतागून लिहिलंय. सवय व्हायला वेळ लागतो, पण त्यामागे हिशेब आहे. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९८२ साली यावर एक छोटं टिपण लिहिलं होतं. सुरुवातीचा आकडा धरायचा आणि शेवटचा सोडायचा असा नियम ठेवला की दोन्हींची वजाबाकी म्हणजेच घरांची संख्या. लिस्टचा २ ते ५ असा तुकडा काढला तर त्यात बरोबर तीनच आकडे असतात, कुठे एक मिळवा किंवा एक वजा करा अशी भानगड नाही. पाच आकड्यांच्या लिस्टमध्ये शेवटच्या आकड्याचा इंडेक्स, म्हणजे घराचा क्रमांक, मात्र ४ असतो. ५ लिहिलंत तर इंडेक्स आउट ऑफ रेंज असा एरर येईल. येऊ द्या, तो एरर सज्जन आहे, निदान चूक तोंडावर सांगतो.

न सांगणाऱ्या चुका जास्त वाईट, आणि लिस्टमध्ये त्या दोन आहेत.

पहिली, दोन नावांची. ‘जुनी’ नावाची लिस्ट आहे, ती तशीच राहावी म्हणून तुम्ही लिहिता, ‘नवी बरोबर जुनी’, आणि मग नवीमधून काही बिलं काढून टाकता. जुनी उघडून बघता तर तिच्यातूनही गेलेली. बाईचं माहेरचं नाव वेगळं आणि सासरचं वेगळं असलं तरी कुठल्याही नावानं हाक मारली की येणारी बाई एकच असते, तसं हे आहे. बरोबरच्या चिन्हानं दुसरी लिस्ट तयार होत नाही, त्याच लिस्टला आणखी एक नाव पडतं. खरी दुसरी प्रत हवी असेल तर कॉपी वापरावं लागतं, नाहीतर पूर्ण लिस्टचा तुकडा काढून घ्यावा लागतो. आणि लिस्टच्या आत लिस्ट असेल तर ही प्रतसुद्धा वरवरची असते, आतल्या लिस्टा दोघींत सामाईकच राहतात. डेटाच्या कामात मूळ डेटा नकळत बदलला गेला तर तीन दिवसांनी चुकीचा रिपोर्ट हातात येतो आणि कारण सापडत नाही. पांडाजवर गेलात म्हणून यातून सुटका नाही. तिथेही मूळ आणि प्रत हा घोळ पुष्कळांना छळतो.

दुसरी, लिस्टवरून चालता चालता तिच्यातलेच आकडे काढण्याची. चार बिलं घ्या: ५००, ०, ०, ७५०. रद्द झालेली, म्हणजे शून्याची बिलं काढायची आहेत. साहजिक कोड असा: प्रत्येक बिल बघ, शून्य असेल तर रिमूव्ह कर. चालवा आणि छापा. उरतात ५००, ०, ७५०. एक शून्य शिल्लक! कागदावर मांडलंत तरच कारण दिसेल. लूप दुसऱ्या घरात आलं, तिथलं शून्य काढलं, मागचे सगळे एकेक घर पुढे सरकले. आता दुसऱ्या घरात दुसरं शून्य आहे, पण लूपला तिसऱ्या घरात जायचंय. ते तिसऱ्या घरात जातं, तिथे ७५० दिसतं, संपलं. दुसऱ्या शून्याकडे कुणी बघितलंच नाही. शून्यच तर आहे, बेरजेला काय फरक पडतो, असं म्हणाल. सरासरी काढा. दोन बिलांची सरासरी ६२५ यायला हवी, तुमची येईल ४१६ रुपये ६७ पैसे. उपाय सोपा आहे. काढत बसू नका, जी ठेवायची तेवढी बिलं नव्या लिस्टमध्ये भरा.

आता पन्नास उदाहरणांचं काय करायचं? पन्नास करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. पडद्यावर तारकांचे त्रिकोण छापणं, लिस्ट तीन घरं फिरवणं, असल्या गोष्टी खुशाल सोडा. पुढे कधी गरज पडली तर तासाभरात येतील. पंधरा-वीस झाल्यावर तुम्ही उत्तरं बघू लागलात, यात तुमच्या आळसाइतकाच त्या गृहपाठाचाही दोष आहे. ३, ७, १, ९ असल्या निर्जीव आकड्यांवर पन्नास उदाहरणं कुणाला गोड लागतील? दहा-बाराच करा, पण स्वतःच्या आकड्यांवर. कामावरची वीस बिलं घ्या, पार्टीची नावं बदला आणि त्यांची लिस्ट करा. बेरीज, हजारावरची संख्या, सर्वांत मोठं बिल आणि ते कितव्या घरात आहे, दुसऱ्या क्रमांकाचं बिल, थकलेली बिलं वेगळ्या लिस्टमध्ये, बिल नंबर दोनदा पडला असेल तर तो शोधणं, लिस्ट उलटी करणं दोन्ही प्रकारे. डुप्लिकेटच्या उदाहरणात सेट (एकच किंमत दोनदा न ठेवणारा संच) वापरायचा मोह होईल. सेट डुप्लिकेट काढतो खरा, पण क्रम राखण्याची हमी देत नाही, आणि बिलांचा क्रम मोडला तर तुमच्या साहेबांना चालणार नाही.

यातच एक उदाहरण मजकुराच्या आकड्यांचं करा. सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या नोंदींची साधी फाइल) साध्या पद्धतीनं वाचली की आकडे मजकूर म्हणून येतात. ९, २५, १०० हे मजकूर म्हणून सॉर्ट केले तर १००, २५, ९ असा क्रम लागतो, कारण तुलना अक्षरागणिक होते आणि १ हे २च्या आधी, २ हे ९च्या आधी. एक्सेलमध्ये सेलच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसून बेरीज शून्य आलेली तुम्ही पाहिली असेल, त्याच रोगाचं हे रूप आहे.

आणि शेवटचं, माझ्या मते सगळ्यांत मोलाचं उदाहरण तुम्ही दर महिन्याला करताच. बँक रिकन्सिलिएशन, म्हणजे आपल्या नोंदींचा बँकेच्या नोंदींशी मेळ घालणं. तुमच्या कॅशबुकात चेक नंबर आहेत १०१, १०३, १०४, १०७ आणि बँकेच्या स्टेटमेंटमध्ये १०१, १०४, १०५, १०७. दोन्ही चढत्या क्रमानं. कागदावर तुम्ही एक बोट इकडे ठेवता, एक तिकडे. १०१ दोन्हीकडे, टिक, दोन्ही बोटं पुढे. इकडे १०३, तिकडे १०४. लहान आहे इकडचा, म्हणजे १०३ अजून बँकेत वटलेला नाही, त्याची नोंद करून फक्त इकडचं बोट पुढे. १०४ दोन्हीकडे, टिक. मग इकडे १०७, तिकडे १०५, म्हणजे १०५ बँकेत आहे आणि आपल्याकडे नोंद नाही, तिकडचं बोट पुढे. १०७ दोन्हीकडे. संपलं. हे कोडमध्ये लिहायला हातात काय धरायचं? दोन इंडेक्स, म्हणजे ती दोन बोटं, आणि दोन नव्या लिस्टा, न वटलेल्यांची आणि न नोंदलेल्यांची. लूप फॉरऐवजी व्हाइल (अट खरी असेपर्यंत फिरणारं) लागेल, कारण कुठलं बोट कधी पुढे जाईल हे आधी ठरलेलं नाही. एक लिस्ट आधी संपली तर दुसरीतले उरलेले नंबर विसरू नका, तिथे बरेच जण घसरतात. हीच दोन बोटांची चाल वापरून दोन सॉर्ट केलेल्या लिस्टांची एक लिस्ट करता येते, आणि तिच्यावर उभी असलेली मर्ज सॉर्ट ही पद्धत १९४५ साली गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी मांडली. पायथनचं आजचं सॉर्ट प्रोग्रामर टिम पीटर्स यांनी २००२ साली लिहिलं, त्याच्या पोटातही हेच विलीनीकरण आहे. त्यातून तुम्हाला एक फायदा फुकटात मिळतो. समान किमतीच्या नोंदी आधीच्याच क्रमात राहतात. म्हणून बिलं आधी तारखेनं आणि मग पार्टीच्या नावानं सॉर्ट केलीत, तर प्रत्येक पार्टीच्या आत तारखा लागलेल्याच मिळतात.

प्रत्येक उदाहरणाला पद्धत एकच ठेवा. आधी वही. आडव्या ओळीत लिस्ट, खाली तक्ता, प्रत्येक फेरीला हातातल्या व्हेरिएबलांच्या किमती. हा तक्ता तुमच्यासाठी नवा नाही, खतावणीत शिल्लक ओढत नेता तसाच. तक्ता पूर्ण झाल्याशिवाय कीबोर्डला हात लावू नका. मग कोड लिहायला थॉनी नावाचा एडिटर वापरा. तो एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात नवशिक्यांसाठीच तयार झाला, मोफत आहे. त्यात कोड एकेक पायरी चालवता येतो आणि शेजारी व्हेरिएबलांच्या किमती बदलताना दिसतात. तुमचा तक्ता आणि तो तक्ता ताडून बघा. जिथे जुळत नाही तिथेच तुमची शंका आहे, आणि ती शंका घेऊन सरांकडे गेलात तर ‘सोडवत राहा’पेक्षा बरं उत्तर मिळेल. दोन नावांचा घोळ समजून घ्यायला संगणकशास्त्रज्ञ फिलिप गुओ यांची पायथन ट्यूटर ही वेबसाइट ब्राउझरमध्ये उघडा. दोन नावांपासून निघालेले दोन बाण एकाच लिस्टकडे गेलेले तिथे चित्रात दिसतात.

एआयबद्दल माझी हरकत क्रमाला आहे. तुमचा कोड लिहून झाल्यावर त्याला विचारा: हा कोड कोणत्या लिस्टवर चुकेल? रिकामी लिस्ट, एकच आकडा, सगळे सारखे, सगळे उणे, अशा लिस्टा तो सुचवेल. प्रत्येक स्वतः चालवून बघा, कारण तो सांगतो ते उत्तर दर वेळी बरोबर असेलच असं नाही. पुढे नोकरीत त्यानं लिहिलेला कोड तुम्हाला तपासावा लागेल, आणि त्या शिल्लक राहिलेल्या शून्यासारखी चूक पकडायला ती आधी एकदा स्वतःच्या वहीत पाहिलेली लागते.

मराठी नावांचं विचारलंत. चालतात. २००८च्या डिसेंबरमध्ये आलेल्या पायथन ३पासून व्हेरिएबलचं नाव देवनागरीत ठेवता येतं, ‘बिलं’ असं सरळ लिहा. फॉर, इफ, व्हाइल हे मात्र इंग्रजीच राहतात. कोडमध्ये थेट ४२० असा देवनागरी आकडा लिहिलात तर एरर येतो, पण तोच मजकूर म्हणून इंटला (मजकुराचा पूर्णांक करणाऱ्या फंक्शनला) दिलात तर ते बरोबर ओळखतं. तरी दर ओळीला कीबोर्डची भाषा बदलताना जीव मेटाकुटीला येईल. त्यापेक्षा मराठी शब्दच रोमन अक्षरांत लिहा. ‘जमा’, ‘थकबाकी’, ‘मोठं बिल’ अशी नावं एक्स, वाय, टेम्पपेक्षा कितीतरी बरी. निम्मी गोंधळलेली उत्तरं ही नावांमुळेच गोंधळलेली असतात.

अकाउंट्समध्ये नसलेल्या वाचकांनी आपापल्या लिस्टा घ्याव्यात. डेअरीवर दूध घालणाऱ्यांकडे फॅटचे आकडे आहेत, शिक्षकांकडे हजेरी आहे, सोसायटीच्या सेक्रेटरींकडे मेन्टेनन्स थकवणाऱ्यांची यादी आहे. ती तर दर महिन्याला डुप्लिकेटसकट तयार असते. उत्तर चुकलं तर आकड्याकडे बघूनच ‘हे शक्य नाही’ असं तुम्हाला वाटलं पाहिजे. ३, ७, १, ९ मध्ये तसं कधीच वाटत नाही.

राहता राहिला पैशांचा प्रश्न. पुढचा हप्ता भरण्याआधी हे दहा-बारा नमुने तुमच्या बिलांवर करा, रिकन्सिलिएशनचं सगळ्यात शेवटी. ते एकदा तरी न बघता लिहून झालं आणि खऱ्या स्टेटमेंटच्या नंबरांवर चाललं, तर हप्ता भरा आणि पांडाज सुरू करा. गृहपाठातली बाकीची उदाहरणं राहिली तर राहू देत, सरांना तसं सांगून टाका. आणि वहीतला तक्ता करूनही हातात काय धरायचं हे सुचत नसेल, तर हप्ता भरू नका, पण पायथनही सोडू नका. क्लासचा वेग तुम्हाला जास्त होतोय, एवढाच त्याचा अर्थ. लूपच्या धड्यावर परत जा आणि महिनाभर स्वतःच्या वेगानं करा. ऑफिसच्या बिलांचे खरे आकडे कुठल्याही साइटवर किंवा एआयवर चिकटवू नका मात्र, पार्टीची नावं बदललेली असली तरी. मालकांना विचारल्याशिवाय तर मुळीच नाही.